सार्बा, जॉन मेन्सा

सार्बा, जॉन मेन्सा : (३ जून १८६४–नोव्हेंबर १९१०). पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (सध्याचा घाना) या ब्रिटिश वसाहतीतील पहिला आफ्रिकी बॅरिस्टर, फांटी रूढिविधीचा आद्य ग्रंथकार, विधिपरिषदेचा सदस्य आणि शिक्षणसंस्थांचा आश्रयदाता. इंग्रजी कायद्याचे शिक्षण घेऊन त्याच कायद्याच्या न्यायालयांत आपल्या समाजाची अलिखित रूढी हाही कायदाच आहे, हे त्याने पुराव्यानिशी मांडले. या मांडणीमुळे वसाहतीतील जमीन सरकारजमा होण्याचे टळले. त्याचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः यात आहे. त्याचे दातृत्वही याच कार्याशी जोडलेले होते.

सार्बाचा जन्म केप कोस्ट–अनोमाबू या किनारपट्टीवरील फांटी समाजातील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. त्याचे वडील जॉन सार्बा (१८३४–९२) हे तेथील प्रतिष्ठित व्यापारी असून १८८८ पासून मृत्यूपर्यंत विधिपरिषदेचे सदस्य होते. आईचे नाव सारा. कुटुंब वेस्लियन (मेथडिस्ट) पंथाचे होते. केप कोस्टला यूरोपीय व्यापाऱ्यांचा किल्ला सतराव्या शतकापासून होता. किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेल्या या गावात इंग्रजी लिहिणारे, हिशेब ठेवणारे व यूरोपशी थेट व्यवहार करणारे आफ्रिकी व्यापारी दोन-तीन पिढ्या आधीच तयार झाले होते. सार्बाच्या बालपणीच तेथे दोन मोठ्या घटना घडल्या. फांटी राजांनी व सुशिक्षितांनी १८६८ मध्ये मँकेसिम येथे आपले संयुक्त राज्यमंडळ स्थापिले आणि १८७१ मध्ये त्याची लेखी घटना तयार केली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिच्या पुरस्कर्त्यांना अटक केली व १८७३ पर्यंत तो प्रयत्न संपुष्टात आला. त्यानंतर अशांटी राज्याशी झालेल्या युद्धात विजय मिळवून ब्रिटिशांनी १८७४ मध्ये किनाऱ्यालगतच्या संरक्षित प्रदेशाची रीतसर वसाहत केली. तोपर्यंत ब्रिटिशांच्या अधिकाराला मुख्य आधार होता तो १८४४ च्या बंधपत्राचा. त्यात फांटी राजांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचा गंभीर गुन्ह्यांबाबतचा न्यायाधिकार मान्य केला होता. जमिनीबद्दल त्यात अवाक्षरही नव्हते. ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली.

केप कोस्टच्या वेस्लियन शाळेतील शिक्षण संपवून सार्बा इंग्लंडला गेला व टॉन्टन येथील वेस्लियन विद्यालयात (पुढील काळातील क्वीन्स कॉलेज) शिकला. नंतर लंडनमधील लिंकन्स इन या संस्थेत कायद्याचा अभ्यास करून १८८७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो बॅरिस्टर झाला. मायदेशी परतून त्याने केप कोस्ट येथे वकिली सुरू केली आणि तीत त्याचा लवकरच जम बसला.

त्या काळी किनाऱ्यावरील व्यापार बहुतांशी उधारीवर चाले. इंग्लंडमधील पेढ्या कापड, मद्य, लोखंडी सामान आगाऊ पाठवीत; किनाऱ्यावरील व्यापारी तो माल अंतर्भागातील छोट्या विक्रेत्यांना देत आणि मोबदल्यात पाम तेल, रबर व सोन्याची भुकटी गोळा करीत. या साखळीतील एक जरी कडी निसटली, तरी प्रकरण न्यायालयात जाई. वसुली, हामी, गहाण यांचे असे दावे वरवर शुद्ध इंग्रजी व्यापारी कायद्याचे वाटत. परंतु ऋणकोच्या घरावर जप्ती नेण्याची वेळ आली, की घर त्याचे की त्याच्या कुटुंबाचे, कुटुंब म्हणजे नेमके कोण आणि एकाच्या ऋणाबद्दल सर्व जबाबदार आहेत काय, असे प्रश्न उभे राहत. त्यांची उत्तरे इंग्रजी पुस्तकांत नव्हती. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या सार्बाला ही अडचण दोन्ही बाजूंनी ठाऊक होती.

वसाहतीच्या १८७६ च्या सर्वोच्च न्यायालय कायद्याने स्थानिक रूढींना स्थान दिले होते. मात्र त्या नैसर्गिक न्याय, समन्याय व सद्‍सद्‍विवेक यांच्याशी विसंगत नसाव्यात, अशी अट होती. ही शब्दयोजना भारतातील विधिज्ञांना परिचित आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या विनियमात कायदा व रूढी या दोन्हींच्या अभावी न्याय, समन्याय व सद्‍सद्‍विवेक यांस अनुसरून निर्णय द्यावा, असे म्हटले होते; आणि त्याच सुमारास दक्षिणेतील हिंदू जातींच्या रूढींचे संकलन आर्थर स्टील या इंग्रजाने सिद्ध केले. गोल्ड कोस्टमध्ये सरकारने असे संकलन करविले नाही. तेथील न्यायालयांत रूढी ही परदेशी कायद्याप्रमाणे वस्तुस्थितीचा विषय मानली जाई व प्रत्येक दाव्यात जाणत्या साक्षीदारांकडून ती नव्याने शाबीत करावी लागे. साक्षीदार दुभाष्यामार्फत बोलत, परस्परविरोधी सांगत आणि इंग्रज न्यायाधीश थोड्या वर्षांत बदलून जात. परिणामी एकाच प्रश्नावर भिन्न निर्णय होत. ‘रूढी आहे, पण ती निश्चित नाही’ या आक्षेपाला त्यामुळे बळ मिळे.

या आक्षेपाला सार्बाने दिलेले उत्तर म्हणजे त्याचा फांटी कस्टमरी लॉज (१८९७) हा ग्रंथ होय. त्याची रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. पूर्वार्धात कुटुंब, विवाह, मालमत्ता, जमीनधारणा, हस्तांतरण, वारसा इ. विषयांवरील तत्त्वे त्याने थोडक्यात सांगितली असून उत्तरार्धात न्यायालयांनी प्रत्यक्ष निकालात काढलेले दावे दिले आहेत. प्रवासी किंवा मिशनरी यांच्या वर्णनांप्रमाणे ‘हे लोक असे वागतात’ असे न सांगता ‘न्यायालयाने अमुक दाव्यात अमुक नियम मान्य केला आहे’ असे तो सांगतो. इंग्रजी न्यायपद्धतीत पूर्वनिर्णयाला असलेले वजन त्याने अशा रीतीने रूढीच्या पारड्यात टाकले. पुस्तक वकिलांच्या व न्यायाधीशांच्या मेजावर राहिले ते यामुळेच. त्याची दुसरी आवृत्ती १९०४ मध्ये निघाली व त्याच वर्षी फांटी लॉ रिपोर्ट्स हा निर्णयसंग्रहही प्रसिद्ध झाला.

ग्रंथातील कुटुंबविषयक विवेचन मराठी वाचकाला काहीसे ओळखीचे आणि काहीसे अगदी उलटे वाटेल. कुटुंबाची मिळकत सामाईक असते, कुटुंबप्रमुख ती सांभाळतो आणि प्रमुख सदस्यांच्या संमतीवाचून त्याला ती विकता येत नाही. येथवर एकत्र हिंदू कुटुंबाची आठवण होते. परंतु हे कुटुंब मातृवंशीय आहे. पुरुषाचा वारसा त्याच्या मुलांकडे न जाता भाऊ व बहिणीचे मुलगे यांच्याकडे जातो. केरळातील मरुमक्कतायम पद्धतीशी याचे साम्य आहे. स्वकष्टार्जित मिळकत मालकाला हयातीत वाटेल त्याला देता येते. मात्र काही न सांगता तो वारला, तर तीही मातृकुलाची होते. मृत्यूपूर्वी आप्तांसमक्ष तोंडी व्यवस्था सांगण्याची रीतही सार्बाने नोंदविली आहे. जमिनीच्या विक्रीत खरेदीदार व विक्रेता यांनी साक्षीदारांदेखत पान किंवा तंतू तोडून सौदा पक्का करण्याचा गुआहा नावाचा विधी असे. लेख नसला, तरी व्यवहार सिद्ध करण्याची रीतसर पद्धत या समाजात होती, हे दाखविण्यासाठी सार्बाने अशा तपशिलांना स्थान दिले आहे.

जमिनीविषयीचे त्याचे प्रतिपादन सर्वांत महत्त्वाचे आहे. फांटी व एकूण अकान समाजात प्रत्येक भूभागाला कोणी ना कोणी धनी असतोच. तो व्यक्ती, कुटुंब, गाव किंवा ‘आसन’ असू शकेल. (राजपदाचे प्रतीक असलेले लाकडी आसन म्हणजे राजसत्तेचे सातत्य, राजे बदलतात, आसन टिकते.) राजा आसनाच्या जमिनीचा विश्वस्त असतो, मालक नव्हे. कित्येक वर्षे कुऱ्हाड न लागलेले अरण्यही बेवारस नसते. ते पुढील पिढीसाठी, शिकारीसाठी किंवा गावाच्या वाढीसाठी राखलेले असते. तात्पर्य, इंग्रजी अर्थाने ‘पडीक’ जमीन या प्रदेशात नाहीच.

हा मुद्दा नुसता पंडिती नव्हता. पडीक जमिनी, वने व खनिजे ब्रिटिश राजसत्तेच्या स्वाधीन करणारे विधेयक १८९४ मध्ये मांडण्यात आले. लोकांच्या विरोधामुळे ते बाजूला ठेवावे लागले. नंतर आलेला गव्हर्नर सर विल्यम मॅक्सवेल (कार. १८९५–९७) याने मलायातील नोकरीत जमीनविषयक कायद्यांचा विशेष अभ्यास केलेला होता. त्याने १८९७ मध्ये आणलेल्या विधेयकात जमीन राजसत्तेच्या मालकीची न करता ‘सार्वजनिक’ ठरवून तिची व्यवस्था सरकारकडे घेण्याची आणि जमीन कसणाऱ्यास फक्त वहिवाटीचा हक्क देण्याची योजना होती. मॅक्सवेलचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. सोन्याच्या शोधात आलेल्या दलालांना राजे भराभर सवलतपत्रे देत होते, एकच जमीन दोघांना दिली जात होती आणि त्यांतून वर्षानुवर्षे चालणारे दावे निर्माण होत होते. व्यवहारांना शिस्त लावणे आवश्यक होते. वाद होता तो शिस्त लावणाऱ्याने धनी व्हावे काय, याबद्दल.

या सवलतींचे आकारमान ध्यानात घेतले, म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. अशांटीतील ओबुआसी येथील खाणींचा हक्क किनाऱ्यावरील तीन फांटी व्यापाऱ्यांनी १८९० मध्ये मिळविला होता, तो ई. ए. केड या इंग्रज व्यापाऱ्याने विकत घेतला, त्याला १०० चौ. मैल क्षेत्राची ९० वर्षांची सवलत लाभली आणि १८९७ मध्येच लंडनमध्ये ‘अशांटी गोल्डफील्ड्स कॉर्पोरेशन’ ही कंपनी उभी राहिली. अशांटी प्रदेश तेव्हा वसाहतीच्या हद्दीबाहेर होता. पण किनाऱ्याकडील वासा, टार्क्वा या भागांतही असेच चालले होते.

विधेयकाला विरोध करण्यासाठी केप कोस्ट येथे १८९७ मध्ये ‘ॲबोरिजिनीज राइट्स प्रोटेक्शन सोसायटी’ (आदिनिवासी हक्क संरक्षण संस्था) स्थापन झाली. पाम तेलाच्या व्यापारात श्रीमंत झालेला जेकब विल्सन से हा तिचा पहिला अध्यक्ष होता. सार्बा हा तिचा प्रमुख कायदेपंडित. त्याने व इतरांनी १८८९ मध्ये स्थापन केलेल्या म्फान्त्सी अमान्बुहू फेकुव या फांटी राष्ट्रीय मंडळाचा वारसा या संस्थेकडे आला. ॲटो अहुमा या धर्मोपदेशकाने मेथडिस्ट टाइम्स या पत्रातून विधेयकावर प्रखर टीका केली. सार्बाने विधिपरिषदेसमोर उभे राहून राजांची बाजू मांडली. या प्रदेशाला ब्रिटिशांनी जिंकलेले नाही व विकतही घेतलेले नाही. १८४४ च्या बंधपत्राने फक्त न्यायाधिकार दिला. तेव्हा जमिनीची व्यवस्था काढून घेण्यास आधार कोणता, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. त्याला जोडून, प्रत्येकाला स्वतंत्र वहिवाटदार केल्यास सामाईक मिळकतीवर उभे असलेले कुटुंबच मोडेल, हा सामाजिक मुद्दाही पुढे करण्यात आला. या कामाचे मानधन घेण्यास सार्बाने नकार दिला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ व हा युक्तिवाद यांचा गाभा एकच आहे.

मॅक्सवेल १८९७ च्या अखेरीस मरण पावला. पुढील वर्षी से, टी. एफ. ई. जोन्स व जॉर्ज ह्यूझ यांचे शिष्टमंडळ लंडनला गेले आणि ऑगस्ट १८९८ मध्ये वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलिन याला भेटले. जमिनीबाबत स्थानिक कायदाच चालू राहील, असे आश्वासन मिळून विधेयक सोडून देण्यात आले. त्याऐवजी १९०० मध्ये सवलतींविषयीचा कायदा झाला. त्यानुसार सवलत देण्याचा राजांचा अधिकार कायम राहिला. मात्र तिची वैधता न्यायालयाने तपासावी, मुदत ९९ वर्षांहून अधिक नसावी आणि क्षेत्र खाणींसाठी ५ व इतर कारणांसाठी २० चौ. मैलांपर्यंत मर्यादित असावे, असे ठरले. शिस्त आली, मालकी गेली नाही. लगेचच, १९००-०१ मध्ये, लंडनच्या शेअरबाजारात गोल्ड कोस्टच्या सोन्याची लाट उसळली आणि शेकडो कंपन्या नोंदल्या गेल्या. त्यांतील बहुतेकांनी सोन्याचा कणही काढला नाही. या काळात सवलतपत्रांच्या तपासणीचे काम वकिलांना भरपूर उत्पन्न देणारे ठरले, हेही नमूद केले पाहिजे. जमिनीच्या रक्षणाचा लाभ रयतेपेक्षा राजे व वकील यांना अधिक झाला, अशी टीका पुढे झाली व ती सर्वस्वी अयोग्य म्हणता येत नाही.

सार्बा १९०१ मध्ये विधिपरिषदेचा बिनसरकारी सदस्य म्हणून नियुक्त झाला व मृत्यूपर्यंत त्या पदावर होता. परिषदेत सरकारी सदस्यांचे बहुमत असल्याने त्याच्या भाषणांनी मतदानाचा निकाल बदलण्याचा संभव नव्हता. तथापि विधेयकांतील कलमांची बारकाईने छाननी करण्याचे काम त्याने निष्ठेने केले. फांटी नॅशनल कॉन्स्टिट्यूशन (१९०६) या ग्रंथात त्याने फांटी, अशांटी व इतर अकान समाजांच्या राज्यव्यवस्थेचे विवेचन केले आहे. राजा निवडला जातो, तो सल्लागारांच्या संमतीने राज्य करतो व गैरवर्तन केल्यास पदच्युत होऊ शकतो, हे त्यात ठसविले आहे. वसाहतीतील नियुक्त, बहुमतबद्ध परिषदेत बसणाऱ्या माणसाने हे लिहावे, यातील उपरोध वाचकाच्या लक्षात येतोच.

सार्बाच्या दातृत्वाचा मुख्य विषय शिक्षण हा होता. जोसेफ डटन सार्बा या आपल्या दिवंगत धाकट्या भावाच्या स्मरणार्थ त्याने टॉन्टन येथील विद्यालयात शिष्यवृत्ती ठेवली. आफ्रिकी माणसाने इंग्लंडमधील शाळेला देणगी द्यावी, ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती. याहून महत्त्वाचे कार्य केप कोस्ट येथील आहे. तेथे १८७६ मध्ये निघालेली वेस्लियन माध्यमिक शाळा पैसा व शिक्षक यांच्या अभावी पुनःपुन्हा डबघाईस येत होती. सरकार प्राथमिक शिक्षणापलीकडे पाहण्यास फारसे उत्सुक नव्हते आणि मिशनजवळ निधी अपुरा होता. सार्बा व त्याचे सहकारी यांनी १९०४ च्या सुमारास शिक्षणासाठी राष्ट्रीय निधी उभारण्याची मोहीम हाती घेतली आणि ‘फांटी पब्लिक स्कूल्स लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी स्थापन केली. तिने सुरू केलेली म्फान्त्सीपिम ही शाळा १९०५ मध्ये वेस्लियन शाळेशी एकत्र करण्यात आली व संयुक्त संस्थेने तेच नाव धारण केले. ‘विचार कर व पुढे पाहा’ या अर्थाचे फांटी बोधवाक्य सार्बाने शाळेला दिले. शिक्षकांच्या वेतनासाठी व विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी स्वतःच्या मिळकतीतून खर्च केला.

येथे कंपनीचा आकृतिबंध का निवडला, याचा विचार करण्यासारखा आहे. एखाद्या धनिकाची देणगी त्याच्याबरोबर संपते आणि मातृवंशीय वारशाच्या नियमाने ती त्याच्या कुलाकडे परत जाण्याचाही धोका असतो. कंपनीला मात्र स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असते; ती भागधारकांच्या मृत्यूने मरत नाही. आसन व राजा यांच्या संबंधाविषयी लिहिणाऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नव्हती. लंडनचे सटोडिये ज्या साधनाने गोल्ड कोस्टची जमीन मिळवू पाहत होते, तेच साधन येथे शाळा चालविण्यासाठी वापरले गेले. या शाळेतून पुढे जे नामवंत बाहेर पडले, त्यांत संयुक्त राष्ट्रांचा महासचिव (१९९७–२००६) व २००१ च्या नोबेल शांतता पारितोषिकाचा एक मानकरी कोफी अन्नान याचा समावेश होतो.

सार्बाच्या विद्वत्तेच्या मर्यादाही पुढील अभ्यासकांनी दाखविल्या आहेत. रूढी ही जिवंत व लवचिक असते. बैठकीत वाद घालून ती दरवेळी थोडी बदलत असते. न्यायालयातील निकालांच्या आधारे ती पुस्तकात बांधली, की तिची वाढ खुंटते. शिवाय ‘विश्वस्त’, ‘मालकी’, ‘हस्तांतरण’ यांसारख्या संज्ञा इंग्रजी कायद्यातून घेतल्याने फांटी संकल्पनांना मूळचा नसलेला आकार आला. हे आक्षेप रास्त असले, तरी १८९७ मधील पर्याय लिखित रूढी किंवा जिवंत रूढी असा नव्हता. अलिखित राहिलेली रूढी न्यायालयाला दिसत नव्हती आणि न दिसणाऱ्या कायद्याखालील जमीन पडीक गणली जाणार होती. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मातृकुलाचा हक्क न्यायालयांत दृढ झाल्यामुळे मृत्युपत्राशिवाय वारलेल्या पुरुषाची विधवा व मुले त्याच्या घरातून बाहेर काढली जाण्याचे प्रसंग पुढील काळात घडत राहिले. हा अन्याय दूर करण्यासाठी घानात १९८५ मध्ये वारसाहक्काचा नवा कायदा करावा लागला व त्याने पत्नी आणि मुले यांना मोठा वाटा दिला.

न्यायालयांतील रूढीचे स्थान मात्र सार्बाने दाखविलेल्या दिशेनेच विकसित झाले. गोल्ड कोस्टमधून गेलेल्या अंगू विरुद्ध अट्टा (१९१६) या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला, की रूढी प्रथम साक्षीने शाबीत करावी लागते; परंतु न्यायालयांत वारंवार शाबीत झाल्यावर तिची दखल न्यायालय आपण होऊन घेते. निर्णय जुळवून ग्रंथ रचण्याच्या सार्बाच्या उपक्रमाला यामुळे वाढते मोल आले.

ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये त्याला सी. एम. जी. हा किताब दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो निधन पावला. वर्षभरातच वनविषयक विधेयकाच्या निमित्ताने जमिनीचा वाद पुन्हा उद्‍भवला; त्या वेळी सोसायटीची बाजू घेऊन लंडनला गेलेला केसली हेफर्ड हा त्याच्याच परंपरेतील केप कोस्टचा बॅरिस्टर होता. लेगॉन येथील घाना विद्यापीठात १९६३ मध्ये सुरू झालेल्या एका वसतिगृहाला मेन्सा सार्बाचे नाव देण्यात आले आहे. घानाच्या १९९२ च्या संविधानाने रूढिजन्य कायद्याला देशाच्या कायद्याचा भाग मानले असून आसनाच्या जमिनी त्या त्या आसनाकडे, प्रजेसाठी विश्वस्त या नात्याने, ठेवल्या आहेत. जमिनीखालची खनिजे मात्र लोकांच्या वतीने राष्ट्राध्यक्षाच्या स्वाधीन केली आहेत.